विंचवाच्या बिऱ्हाडास आहेर

वास्तुशांतीचें आमंत्रण आलें म्हणजे काय न्यावें, याचा विचार आपल्या घरांतून फारसा करावा लागत नाहीं. समई, ताम्हन, एखादें चांदीचें निरांजन, गृहिणीस खण-नारळ, मुलांस खाऊ. वडील माणसें सांगतात आणि धाकटीं बाजारांतून आणतात. पण घर स्वतःचें नसून भाड्याचें असेल तर? मग आमंत्रण बहुधा येतच नाहीं, आणि आलेंच तर "सहज चहाला या" अशा संकोचानें येतें. आपणही मग सहजच जातों, म्हणजे अर्धा किलो पेढे घेऊन.

एका वाचकभगिनीनें याच विषयावर आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्यांच्या दिरांच्या मुलाचें लग्न होऊन वर्ष झालें. नोकरीसाठीं तो सपत्नीक पुण्यास गेला व कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यानें भाड्यानें घेतला. घरांत बारा माणसें. कोणी काय द्यावें असा विषय निघतांच सासूबाई म्हणाल्या, "अकरा महिन्यांच्या घराला कसला आहेर? स्वतःचें घेतील तेव्हां देऊं." एकत्र कुटुंबांत असे निरोप पोंचतात तसा हाही पुण्यास पोंचला. पुढें दिवाळीला घरीं आल्यावर, "आम्ही आतां तुमच्याकडे केव्हां यावें?" असें कोणी विचारलें, तेव्हां ती नवी सून इतकेंच म्हणाली, "आमचें घर कोणी उतरण्यासारखें नाहीं." आतां काय न्यावें आणि कसें न्यावें, असें भगिनी विचारतात.

प्रथम सासूबाईंच्या म्हणण्याचा विचार करूं. कारण तें एकट्या त्यांचें नाहीं, पुष्कळ घरांतून तें ऐकूं येतें. भाड्याचें घर म्हणजे घर नव्हे, तात्पुरती सोय, ही समजूत आपल्यांत केव्हां शिरली कोण जाणे! गिरगांवच्या आणि दादरच्या चाळींतून, पुण्याच्या सदाशिव व नारायण पेठांतील वाड्यांतून आपले आजे-पणजे राहिले ते बहुतेक बिऱ्हाडकरू म्हणूनच राहिले. दोन खोल्यांत बाळंतपणें झालीं, मुंजी झाल्या, मॅट्रिकचे अभ्यास झाले, आणि त्या खोल्यांस कोणी परकें म्हटलें नाहीं. याचें एक कारण कायद्यांत होतें. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें पुष्कळ जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलें, आणि भाडेकरूस सहजासहजीं काढतां येईना. एकाच खोलींत तीन-तीन पिढ्या नांदल्या व ती खोली दुसऱ्याची आहे याचा विसर पडला. आज जीं घराणीं भाड्याच्या घरास नाक मुरडतात त्यांतील कितीतरी अशा खोल्यांतूनच वर आलीं आहेत.

आजच्या भाडेकरूची स्थिति निराळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. शहरांत हल्लीं घरें मिळतात तीं बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' करारानें, अकरा महिन्यांसाठीं किंवा फार तर दोन-तीन वर्षांसाठीं. मुदत संपल्यावरही जो जागा सोडीत नाहीं त्याच्यावर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई बसूं शकते. तेव्हां आजचीं मुलें दोन वर्षांनीं सामान बांधतात तीं कांहीं हौसेनें बांधीत नाहींत. आज्यांना जी स्थिरता लाभली ती नातवांना नाहीं. मग त्यांच्या दारीं रिकाम्या हातानें जाण्याचें समर्थन कसें करावें?

धार्मिक अडचण म्हणावी तर तीही नाहीं. वास्तुशांत घराच्या मालकानें करावी हा प्रघात खरा. पण भाड्याच्या जागेंत गणेशपूजन, उदकशांत किंवा सत्यनारायण करून पुष्कळ मंडळी राहावयास जातात, आणि अशा प्रसंगीं आहेर नेऊं नये असें कोणीं सांगितल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

'बिऱ्हाड' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राहण्याची जागा, आणि दुसरा संसाराचें सामान. जागा सुटली तरी सामानाच्या रूपानें बिऱ्हाड बरोबर चालतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तें असें. भाड्याच्या घरीं आहेर न्यावयाचा तो या दुसऱ्या बिऱ्हाडाला उद्देशून न्यावा. वस्तु भिंतीवर अवलंबून नसावी, टेम्पोंत चढावी, आणि पुढच्या घराचा आकार कसाही निघाला तरी तेथें उपयोगीं पडावी. एवढें ध्यानांत ठेवलें कीं दुकानांतील अर्ध्या वस्तु आपोआप गळून पडतात.

सर्वांत आधीं गळतात त्या टांगण्याच्या वस्तु. भिंतींस भोकें पाडूं नयेत असें कलम करारांत पुष्कळदां असतें. नसलें तरी घर सोडतांना खिळ्याखिळ्याचा हिशेब अनामत रकमेंतून होऊं शकतो. त्यामुळें कांचेची मोठी तसबीर, टांगतें देवघर, शोभेचा आरसा हे आहेर पलंगाखालीं कागदांत गुंडाळलेले राहतात. चिकटवावयाचे हूक मिळतात, ते गुळगुळीत फरशीवर व कांचेवर पक्के बसतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ते टिकत नाहींत, आणि काढतांना रंगाचा पापुद्रा घेऊन निघतात. घड्याळांविषयीं तर बोलूंच नये. एका नव्या बिऱ्हाडांत आम्हीं पांच घड्याळें मोजलीं, आणि पांचही निरनिराळी वेळ दाखवीत होतीं! गणपतीच्या मूर्तीही अशाच जमतात. त्या टाकतां येत नाहींत, दुसऱ्यास देववत नाहींत, आणि बिचाऱ्या गजाननास दर दोन वर्षांनीं खोक्यांतून प्रवास घडतो.

पडदे मात्र अवश्य द्यावे, कारण नव्या भाडेकरूस पहिल्या रात्रींच त्यांची उणीव भासते. खिडकीच्या चौकटींत दाबून बसविण्याची स्प्रिंगची दांडी मिळते, तिला खिळा लागत नाहीं. हलके सुती पडदे तिच्यावर नीट राहतात. तयार पडदे साधारणपणें ५, ७ व ९ फुटांचे येतात. खिडकीस ५ फुटांचा पुरत असला तरी ७ फुटांचा घ्यावा व खालीं रुंद दुमड घालून द्यावा. पुढच्या घरांत दाराला पडदा लागला तर दुमड उसवली कीं काम झालें.

वजनदार वस्तूंचेंही तेंच. संगमरवरी देव्हारा, दगडी खलबत्ता, लोखंडी कपाट, हीं देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा दाखवितात, पण तीं तीन जिने चढवावीं लागतात आणि पुन्हां उतरवावीं लागतात. डबे द्यावयाचे तर एकांत एक बसणारे स्टीलचे डबे द्यावे. पितळेच्या भांड्यांचा मोह आम्हांसही आहे. पण त्यांत आंबट शिजवावयाचें तर कल्हई पाहिजे, आणि कल्हईवाला आतां हांकेसरशीं दारीं येत नाहीं.

भगिनींच्या घरच्या प्रसंगाला आम्ही मात्र निराळाच आहेर सुचवूं. "आमचें घर कोणी उतरण्यासारखें नाहीं," असें ती मुलगी म्हणाली, त्यांत अर्धा राग आहे आणि अर्धी खरी अडचण आहे. दोघांच्या संसारांत दोन गाद्या, दोन उशा, दोन पांघरुणें असतात. तिसरें माणूस आलें कीं त्या दोघांपैकीं एकजण चादर अंथरून जमिनीवर निजतो. तेव्हां पाहुण्यांचें अंथरूण हाच आहेर न्यावा. दोन जाड सतरंज्या, दोन सोलापुरी चादरी, दोन उशा त्यांच्या अभ्र्यांसह, आणि घडी करून कपाटावर टाकतां येईल अशी पातळ गादी. सोलापुरी चादर धुण्यास सोपी, वर्षानुवर्षें टिकणारी, आणि अंथरण्यास व पांघरण्यास दोन्हींस चालणारी. या आहेराचा अर्थ शब्दांनीं सांगावा लागत नाहीं. ज्या घरीं आपण अंथरूण पाठवितों त्या घरीं मुक्कामास येण्याचा आपला विचार आहे, हें सून लगेच ओळखील. आणि पहिला मुक्काम, जमल्यास, सासूबाईंनींच करावा. एका रात्रीचा का होईना.

विजेच्या वस्तु देतांना किंमतीपेक्षां घराच्या बटणांकडे पाहावें. विजेच्या शेगडीचेंच उदाहरण घ्या. इंडक्शन शेगडी उचलून नेण्यास फार सोयीची म्हणून हल्लीं आहेरांत दिसते. ती बहुधा १८०० ते २००० वॅटची असते. जुन्या घरांतील लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारें १३८० वॅटचा. त्यावर ही शेगडी चालवूं गेल्यास सॉकेट तापतो व वितळण्याचा धोका असतो. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट पाहिजे. शिवाय तिच्यावर ॲल्युमिनियमचीं किंवा तांब्याचीं साधीं भांडीं तापत नाहींत. भांड्याच्या बुडास लोहचुंबक चिकटला तर तें भांडें चालेल, इतकी सोपी परीक्षा आहे. शेगडीबरोबर असें एक पातेलें न दिल्यास आहेर अर्धाच झाला. तीन-चार सॉकेटांचा आय.एस.आय. शिक्क्याचा बोर्ड लांब वायरीसह देणें हा त्याहून स्वस्त आणि बहुधा अधिक उपयोगी आहेर. भाड्याच्या घरांत सॉकेट नेहमीं पलंगाच्या विरुद्ध भिंतीवर असतो, हा जणूं निसर्गनियमच आहे. मात्र त्या बोर्डावर गीझर किंवा शेगडी लावूं नये, हें देतांनाच सांगावें.

पाणी शुद्ध करण्याचें भिंतीवरचें यंत्र देण्याआधीं गांव पाहावें. मुंबई महापालिकेचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा जलाशयांतून येतें व त्यांत विरघळलेले क्षार थोडे असतात. तेथें क्षार काढणाऱ्या आर. ओ. यंत्राचें विशेष काम नसतें आणि तें यंत्र पुष्कळ पाणी वायां घालवितें. पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहतींत कूपनलिकेचें किंवा टँकरचें जड पाणी येतें, तेथें गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले पदार्थ लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असें भारतीय मानक आहे. पाण्याची परीक्षा न करतां यंत्र देऊं नये. त्याऐवजीं ओट्यावर ठेवावयाचा, मेणबत्तीच्या आकाराच्या गाळण्या असलेला स्टीलचा फिल्टर द्यावा. त्याला वीज लागत नाहीं, खिळा लागत नाहीं. तो गढूळपणा काढतो, क्षार काढीत नाहीं. पावसाळ्यांत पाणी उकळणें चुकत नाहीं तें नाहींच.

स्वयंपाकघरासाठीं एक क्षुल्लक दिसणारी वस्तु आम्ही आवर्जून सांगूं, ती म्हणजे गॅसची नवी 'सुरक्षा' नळी. सामान हलवितांना शेगडीबरोबर जुनीच नळी येते, आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ही नळी पांच वर्षांनीं बदलावयाची असते व तिच्यावर मुदत छापलेली असते. आहेराच्या ताटांत नळी ठेवणें विचित्र दिसेल खरें. तिच्यासोबत तीन लिटरचा कुकर ठेवावा, म्हणजे ताट शोभेल. दोघांना तो पुरतो.

तितकाच उपयोगी, पण क्वचितच कोणी देत असेल असा आहेर म्हणजे चांगलें कुलूप. भाड्याच्या घराच्या लॅचच्या किल्ल्या मालकाकडे, दलालाकडे, आणि मागें राहून गेलेल्या भाडेकरूंपैकीं कोणाकडे राहिल्या असतील हें सांगतां येत नाहीं. लॅच बदलावयास मालकाची अनुमति पाहिजे; पण दारास बाहेरून कडी असेल तर तिच्यावरील कुलूप हें भाडेकरूचें स्वतःचें असूं शकतें. तीन किल्ल्या असलेलें, भक्कम लिव्हरचें कुलूप घ्यावें. दोन किल्ल्या त्यांच्याकडे, तिसरी जवळच्या नातलगाकडे. त्याच्या जोडीस एक पेटी द्यावी. तींत पेचकस, पक्कड, टेस्टर, लहान हातोडी, मोजपट्टी, विजेच्या तारेस गुंडाळावयाची पट्टी, नळाच्या आट्यांस लावण्याची टेफ्लॉनची पट्टी आणि एक विजेरी असावी. वाड्यांत बिऱ्हाड असतांना पक्कड शेजाऱ्याकडे मागतां येत असे. फ्लॅटच्या शेजाऱ्याचें नांव समजावयासच सहा महिने लागतात.

घरांत एखादे निवृत्त काका असतील, बँकेंतून किंवा कचेरींतून कागदपत्रांत मुरलेले, तर त्यांनीं पैसे न खर्चतां मोठा आहेर करावा. मुलें राहावयास जातील त्या दिवशीं त्यांच्याबरोबर जाऊन घराची यादी करावी. पंखे किती, दिवे किती, गीझर चालू कीं बंद, कोणत्या फरशीस चीर आहे, कोठें ओल आहे, कोणत्या खिडकीची कांच फुटलेली आहे. प्रत्येकाचें मोबाइलवर छायाचित्र काढून त्याच दिवशीं मालकास पाठवावें. घर सोडतांना अनामत रकमेवरून जे वाद होतात ते बहुधा अशा जुन्या चिरांवरूनच होतात, आणि तेव्हां तरुण मुलें गप्प बसून पैसे सोडून देतात. करारनामाही काकांनीं वाचावा. १९९९ च्या कायद्याप्रमाणें असा करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो; नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न झाल्यास करारांतील अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. हें पुष्कळ भाडेकरूंस ठाऊक नसतें. करार, यादी व पावत्या एका जाड फाइलींत लावून द्याव्या.

रोख रकमेविषयीं आपल्यांत उगाच संकोच असतो. नवें बिऱ्हाड थाटतांना अनामत, आगाऊ भाडें, दलालाचें बहुधा महिन्याभराचें भाडें आणि टेम्पोचा खर्च एकाच आठवड्यांत येतात. त्या आठवड्याच्या आधीं घरांतल्या चार जावांनीं मिळून एक पाकीट दिलें तर त्याचें मोल मागाहून आलेल्या चार चहाच्या संचांहून अधिक. एकत्र कुटुंबाचा हा तर लाभ आहे, कीं बारा माणसांस एकत्र बसून ठरवितां येतें. मात्र ठरविण्याच्या भरांत आपल्या माळ्यावरील नकोशा वस्तु मुलांच्या गळ्यांत घालूं नयेत. दांडी मोडलेली कढई ही कोणाच्याच घरीं आहेर होत नाहीं.

आतां एका अशा भाडेकरूविषयीं, जिचा या गणतींत कोणी समावेशच करीत नाहीं. घरची मुलगी नोकरीनिमित्त पुण्यास, मुंबईस किंवा बंगळूरूस एकटी अथवा मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिचा भाऊ असाच राहिला तर काका-मामा जाऊन येतात. तिच्या घरीं मात्र तिचें लग्न होईपर्यंत कोणी आहेर नेत नाहीं, जणूं तोंवर ती राहते तें घर नव्हेच. आई तेवढी गुपचूप तांदुळाची पिशवी पाठविते. ती मुलगी स्वतःच्या मिळकतीनें भाडें भरते, दूध लावते, आजारी पडली तर स्वतःच औषध आणते. तिच्याकडे आत्यानें व काकूनें हळदकुंकू, खण-नारळ घेऊन रीतसर जावें. कुलूप व हत्यारांची पेटी तर न्यावीच, शिवाय आंतून दाराखालीं सारावयाची रबरी पाचर न्यावी. ती कांहीं रुपयांत मिळते, खिळा लागत नाहीं, आणि रात्रीं झोंप स्वस्थ लागते. देव ठेवावयास लहानसा चौरंग व एखादी छोटी समई द्यावी. अशी समई पुढें सासरीं जाते, किंवा ती स्वतः घेईल त्या घरीं जाते.

चार मुलगे मिळून राहत असतील तेथें टिकाऊ वस्तु देण्यांत अर्थ नाहीं. बिऱ्हाड मोडतांना ती कोणाच्या वांट्यास जावी यावरून मैत्री मोडावयाची. तेथें संपणारा आहेर न्यावा. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचें लोणचें, कुळथाचें पीठ. डब्यांवर नांवें चिकटवावीं, आणि भाजणीच्या डब्यांत ती किती पाण्यांत भिजवावी याची चिठ्ठी ठेवावी. अशा घरीं भाजणी पुष्कळदां संपते ती चिठ्ठीअभावीं वाळूनच.

जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. सामान उतरले त्या दिवशीं जाऊन खुर्ची मागूं नये. त्या दिवशीं जावयाचें तर पोळ्या, भाजी, दहींभात आणि धुवावीं न लागणारीं ताटें घेऊन जावें, वाढावें, आणि निघून यावें. आहेर आठवड्यानें, आधीं विचारून न्यावा. घरमालकानें पलंग, फ्रिज, कपाट ठेवलें आहे काय, तेवढें आधीं विचारण्यांत कसलाही कमीपणा नाहीं.

भांडें दिल्यास त्यावर नांव घालण्याची आपली जुनी चाल मोडूं नये. चाळींतल्या दिवसांतील तांब्या-पातेलीं आजही घरोघरीं सांपडतात, आणि त्यांवरील अक्षरांवरून कोणाची मुंज केव्हां झाली तें कळतें. भांड्यांच्या कित्येक दुकानांत नांव घालून मिळतें. नांव देणाऱ्याचें घालण्यापेक्षां घेणाऱ्याचें घालावें, नवरा-बायको दोघांचेंही, आणि खालीं वर्ष घालावें. पत्ता घालण्याची जरुरी नाहीं.